कादंबरी लिहायची आहे. नोकरी कोणती धरावी?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. एका कादंबरीकाराच्या मुलाखतीत तिने त्यांचे पहाटेचे लेखन, संध्याकाळचे फिरणे, बासरी, बागकाम आणि नव्या वर्षात हातावेगळ्या करायच्या कादंबऱ्यांविषयी वाचले. त्यानंतर तिने स्वतःचाही वर्षाचा आराखडा जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीवर लावला : डिसेंबरपर्यंत तीन कादंबऱ्या, बासरीचा क्लास, छायाचित्रण आणि पदवीनंतर पूर्ण वेळ लेखन. यात करिअर आहे का, की मुलीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालावे, असे वडिलांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही पर्यायांपैकी एकही मी आज सुचवणार नाही. मुलाखतीत लेखकाचा दिवस वाचायला मिळतो. त्या दिवसाचा खर्च कोठून भागतो, हे सहसा कोणी विचारत नाही आणि लेखकही आपणहून सांगत नाही. मराठीत कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची किंवा त्याहूनही कमी असते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि लेखकाचा वाटा १० टक्के धरला, तर सगळ्या हजार प्रती खपल्यावर ३०,००० रुपये हाती येतात आणि त्या खपायला दोन-तीन वर्षे लागली तरी नवल नाही. द्राक्षाच्या एका एकराला औषधांचा खर्च किती येतो, हे जाणणाऱ्या माणसाला यापुढचे गणित सांगण्याची गरज नाही.

म्हणून आपल्याकडच्या बहुतेक कादंबरीकारांनी पोटापाण्याची सोय वेगळी ठेवली. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे. १९२० पासून अठरा वर्षे ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या ती नोकरी सांभाळूनच लिहिल्या गेल्या. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीत दीर्घकाळ नोकरी केली. साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, ते विश्वास पाटील सनदी अधिकारी होते. याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे. जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला आणि टाळेबंदीच्या काळात प्राध्यापकाची तात्पुरती नोकरी गेल्यावर त्यांना गावी शेतमजुरी करावी लागली. पुरस्काराने लेखकाचे नाव होते, घरखर्च भागतोच असे नाही, हे मुलीने ही हकिकत वाचून स्वतःच समजून घेतलेले बरे.

तेव्हा नोकरी निवडताना पगाराइतकेच, ती दिवसाचे कोणते तास आणि किती डोके शिल्लक ठेवते, हे पाहावे. या कसोटीवर स्पर्धा परीक्षा मला तिच्यासाठी पटत नाही. अधिकारी लिहीत नाहीत असे नाही, परंतु तयारीची तीन-चार वर्षे माणसाला दुसरे काहीच करू देत नाहीत आणि निकालाची खात्री नसते. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. करून विज्ञान-गणिताची शिक्षिका होणे, किंवा ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदवी घेणे, हे मार्ग मला अधिक जवळचे वाटतात. दोन्हीकडे कायम जागा थोड्या आहेत, हे लक्षात घ्यावे. मात्र विज्ञान-गणित शिकवणाऱ्याला खासगी शिकवणीचा आधार तरी असतो. केवळ कादंबरी लिहिता यावी म्हणून विज्ञान सोडून एम.ए. मराठीकडे वळण्याची आवश्यकता नाही.

आता आराखड्याविषयी. वर्षाला तीन कादंबऱ्या हा आकडा खोडून तेथे एक लिहावे. साठ हजार शब्दांची कादंबरी रोज पाचशे शब्दांनी चार महिन्यांत एकदा लिहून होते, परंतु तो केवळ पहिला खर्डा असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तुम्ही वेलीकडून घडाची अपेक्षा करत नाही, काडी तयार होऊ देता आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ धरता. पहिल्या खर्ड्याकडेही तिने त्याच नजरेने पाहावे. परीक्षा होईपर्यंत कादंबरीला हात लावू नये. त्यानंतर ऑगस्टअखेर पहिले लेखन पुरे करून ते बाजूला ठेवावे आणि छाटणीच्या धांदलीत घरच्या कामाला लागावे. दुसरे लेखन नोव्हेंबरपासून सुरू करावे. दरम्यान एखादी कथा दिवाळी अंकासाठी जून-जुलैपर्यंत पाठवावी; उशिरा आलेल्या साहित्याला तेथे जागा उरत नाही.

छंदांची यादी मात्र उसनी दिसते. बासरी त्या लेखकाची आहे. मुलीला ती खरोखर शिकायची असेल तर हरकत नाही, पण बासरीने कादंबरी लिहून होत नाही. माडगूळकर चित्रे काढत आणि रानात जनावरे-पाखरे न्याहाळत हिंडत. त्यांच्या लेखनात ते निरीक्षण उतरले, कारण ती आवड त्यांची स्वतःची होती. तुम्ही पत्रात तक्रार केली आहे की, मण्यांच्या विरळणीला आलेल्या बायकांजवळ ती तासन् तास बसते आणि फवारणीच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर त्यांचे बोलणे उतरवून ठेवते. पुढच्या बाजूला औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख, मागच्या बाजूला कोणाच्या तरी सासूची कथा. संपूर्ण पत्रात मला सर्वांत आशादायक वाटली ती हीच गोष्ट. निर्यातीच्या नोंदींची वही खराब होऊ नये, हे तुमचे म्हणणे योग्य आहे. तिला वेगळी वही घेऊन द्यावी आणि त्या बायकांची नावे-गावे बदलूनच लिहायला सांगावे.

एका बाबतीत मात्र तुम्ही स्वतः लक्ष घालावे. हस्तलिखित तयार झाले की पुस्तक छापण्यासाठी लेखकाकडूनच पैसे मागणारे लोक भेटतात. असे पैसे देऊ नयेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. त्या वर्षीची जाहिरात पाहून अर्ज करावा. प्रकाशकाशी करार होईल तेव्हा किती प्रती छापणार, मानधन किती टक्के आणि हिशोब वर्षातून केव्हा मिळणार, हे कागदावर असल्याशिवाय मुलीने सही करू नये आणि कॉपीराइट कायमचा लिहून देण्याची अट असल्यास ती वकिलाला दाखवावी.