रक्तात कुष्ठरोग शोधू नका

मांडीवर फिकट चट्टा आहे. रक्ताची कोणती तपासणी करू?
कोणतीही नको. चट्ट्याला कापसाचा स्पर्श कळतो का, हे सरकारी दवाखान्यात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

खासगी लॅबमध्ये अँटिबॉडी भरपूर निघाल्या. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती चांगली ना?
नाही, बहुधा उलटच. कुष्ठरोगाचे जंतू पेशींच्या आत राहतात, तिथे अँटिबॉडी पोचत नाहीत. जंतू अमाप असलेल्या रुग्णाच्या रक्तात त्या खूप सापडतात. एक-दोन चट्टेवाल्याच्या रक्तात जवळपास नसतात, कारण तिथे टी-पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशींनी) जंतूंना रोखलेले असते. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, शेजाऱ्यांना नको.

कुष्ठरोगाचे उपचार चालू आहेत. व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली आणि घरात भांडण पेटले.
या आजारात ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आधी खात्रीची दुसरी चाचणी, मग भांडण.

चार महिने एमडीटी (कुष्ठरोगाची एकत्रित औषधे) घेतली. आता चट्टे लाल होऊन सुजलेत, कोपर दुखते, करंगळी बधिर झाली. गोळ्या 'उष्ण पडल्या' म्हणून बंद केल्या आणि प्रतिकारशक्तीचा काढा सुरू केला.
काढा बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. हे गोळ्यांचे विष नव्हे, ही रिअॅक्शन आहे. इतके दिवस गप्प बसलेल्या टी-पेशी जाग्या होतात आणि जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडतात. रक्तात इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेशवाहक वाढतात. ही लढाई नसेच्या आतही चालते. नस सुजते, पण तिच्याभोवतीचे आवरण फारसे ताणत नाही, म्हणून ती आतल्या आत चेपली जाते. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि शेजारचे बोट वाकडे होते. अशा वेळी प्रतिकारशक्ती 'वाढवायची' कशाला? तीच तर इथे नस खाते आहे! (काढा खरेच काही वाढवतो असे नाही, वाढते ती विकणाऱ्याची कमाई.) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड लागेल. मात्र साखर, रक्तदाब आणि क्षय तपासूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून मुळीच नाही. एमडीटी चालूच ठेवायची. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर नस सावरण्याची आशा बरीच असते. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे कितीतरी जण माझ्याकडे वाकडी बोटे घेऊन येतात.

ताप येऊन अंगावर दुखऱ्या गाठी उठल्या तर ती वेगळी रिअॅक्शन. तिचे औषध गर्भवतीला घातक ठरू शकते, म्हणून दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

घरच्यांचे काय?
सगळ्यांची त्वचा तपासून घ्या. निरोगी असतील तर आजार टाळण्यासाठी रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस द्यायचा का, ते आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतील.