फेरीने तारोंगाला जाताना

आईबाबा सिडनीत पहिल्यांदाच आलेत आणि सोबत लहान मूल आहे, तर तारोंगा प्राणिसंग्रहालयाला गाडी नेऊ नका. शहरातल्या सर्क्युलर क्वे धक्क्यावरून फेरीबोट पकडा. जेमतेम 12 मिनिटांचा प्रवास, पण दिवसातली निम्मी मजा त्यातच आहे. बाहेरच्या डेकवर उजव्या बाजूला उभे राहा, ऑपेरा हाउस अगदी जवळून जातं. मग मागे वळून हार्बर ब्रिज या पुलाकडे बघा. वारा बोचरा असतो, आईंसाठी शाल असू द्या.

खरी मेख पुढे आहे. संग्रहालय टेकडीच्या उतारावर वसलंय आणि धक्का अगदी तळाशी. तिथून चालत वर चढू नका, गुडघे बोलायला लागतात. धक्क्याजवळून बस वरच्या मुख्य दरवाजापर्यंत नेते. तिथून आत शिरा आणि प्राणी बघत बघत उतरत या. शेवटी आपसूक फेरीपाशी पोहोचता. जिराफांपाशी मात्र घाई नको. त्यांच्या लांब मानांमागे आख्खं बंदर आणि शहर दिसतं, बाबांना तिथे बाकावर निवांत बसू द्या.

1916 साली संग्रहालय शहरातल्या मूर पार्कहून इथे हलवलं, तेव्हा जेसी नावाची हत्तीणही बोटीनेच बंदर ओलांडून आली होती. मुलाला ही गोष्ट फेरीतच सांगा, डोळे विस्फारून ऐकेल.

दशम्या, चटणी घरूनच न्या. फेरी-बसच्या भाड्याचं ओपल कार्ड आधी भरून ठेवा, आणि परतीच्या फेरीची वेळ उतरल्याउतरल्याच बघून घ्या.