मूल पहिल्यांदाच ऑनलाइन वर्गात बसतंय? मग हे वाचा

पहिले दोन आठवडे अभ्यासाचं मनावर घेऊच नका. म्यूट काढणं, हात वर करणं, नेट गेलं तर परत वर्गात शिरणं, एवढं त्याचं त्याला जमलं की तुमची निम्मी डोकेदुखी कमी. मी २०२० मध्ये नेमकं उलटं केलं. लेकीच्या मागे बसून उत्तरं पुटपुटत होते आणि माइक चालू! अख्ख्या वर्गाने ऐकलं. त्या दिवसापासून मी शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून बसायला लागले. तीही मोकळी झाली.

डोळ्यांकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण २० फुटांवरचं काहीतरी बघायचं; डोळ्यांचे डॉक्टर हेच सांगतात. मुलं स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायचं विसरतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मोबाइलपेक्षा मोठा स्क्रीन बरा, तोही हातभर लांब. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. वर्ग संपला की तासभर तरी उजेडात खेळू द्या.

कॅमेरा बंद करून चित्रं काढत बसलं तर लगेच ओरडू नका. सहा-सात वर्षांचं मूल सलग १५-२० मिनिटं लक्ष देतंय हेच खूप. (आपणही ऑफिसच्या मीटिंगमध्ये काय वेगळं करतो?) पण रोजच असं होत असेल, तर शिक्षकांना एकटं गाठून बोला. पालकांच्या ग्रुपवर नको, तिथे राईचा पर्वत होतो.