डब्यामागे पंधरा डॉलर: बंदरांचे कर्ज फिटते कसे?

प्रश्न : अमेरिकेतली बंदरे रोखे विकून पैसा उभा करतात आणि कंटेनरमागे शुल्क लावून तो फेडतात, असे वाचले. हे शुल्क कसे ठरते? माल आटला तर रोखेधारकांचे काय होते? (एक वाचक, उरण)

उत्तर : आधी आकडेमोड. समजा 20 कोटी डॉलरचे रोखे 30 वर्षांसाठी 5 टक्क्यांनी काढले. समान हप्ता वर्षाला साधारण 1.30 कोटी बसतो. पहिल्या वर्षी त्यातला 1 कोटी निव्वळ व्याज. पण शुल्क हप्त्यापुरतेच ठेवून चालत नाही. उत्पन्न हप्त्याच्या निदान सव्वापट राहील अशी हमी करारात बहुधा लिहून द्यावी लागते. म्हणजे 1.63 कोटी हवेत. वर्षाला 10 लाख टीईयू (वीस फुटी डब्यांच्या हिशेबात) येत असतील, तर टीईयूमागे सुमारे 16 डॉलर 30 सेंट. माल 20 टक्क्यांनी घटला की हप्त्यावरची ही जादा पाव हिश्श्याची उशी संपते, आणि पुढची घट राखीव निधी खाऊ लागते.

गोळा झालेला पैसा बंदराच्या गल्ल्यात न जाता आधी विश्वस्त बँकेकडे जातो. तिथून पहिल्या हक्काच्या रोख्यांचे व्याज-मुद्दल, मग राखीव निधीची भर, मग दुय्यम रोखे, हा क्रम ठरलेला असतो. कराच्या पैशावर रोखेधारकाचा हक्क नसतो. ज्या उत्पन्नाचे तारण दिले, तेवढेच त्याचे.

लॉस एंजेलिसचा अलामेडा कॉरिडॉर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही बंदरे शहराच्या मध्याजवळच्या रेल्वे यार्डांना जोडणारा 20 मैलांचा हा मालवाहू लोहमार्ग, त्यातले 10 मैल जमिनीखालच्या खंदकातून. खर्च सुमारे 2.4 अब्ज डॉलर, वाहतूक सुरू झाली एप्रिल 2002 मध्ये. दोन्ही शहरांच्या संयुक्त प्राधिकरणाने 1999 मध्ये 1.1 अब्जांहून अधिक रकमेचे रोखे काढले. केंद्र सरकारने 40 कोटींचे कर्ज दिले. रेल्वे कंपन्यांशी 1998 मध्येच करार झाला होता : भरलेल्या टीईयूला 15 डॉलर (म्हणजे चाळीस फुटीला 30), रिकाम्याला 4, इतर भरलेल्या वाघिणीला 8. महागाईनुसार दरवर्षी वाढ, पण दीड टक्क्याहून कमी नाही आणि साडेचारहून जास्त नाही.

गोम इथेच आहे. कर्ज वाढले म्हणून प्राधिकरणाला दर मनाने वाढवता येत नाही. शिवाय काही रोखे असे, की त्यांचे व्याज दरवर्षी न देता साठत जाते आणि मुदतीअखेर एकदम द्यावे लागते. त्यामुळे सुरुवातीची वर्षे हलकी आणि नंतरची जड. आणि सगळे डबे शुल्काच्या जाळ्यात येतही नाहीत. बंदरातून निघालेला डबा रेल्वेने दुसऱ्या वाटेने गेला, तरी शुल्क लागते, ही पळवाट करारात बुजवली आहे. पण ट्रकने गोदामात नेऊन माल 53 फुटी देशांतर्गत डब्यात भरला आणि तो डबा रेल्वेवर चढवला, की शुल्क सुटते. आयातदारांना हे सोयीचेच : 53 फुटीत माल जास्त मावतो. बंदराची उलाढाल वाढूनही कॉरिडॉरचे उत्पन्न त्या मानाने वाढत नाही, ते यामुळे.

तूट पडली तर दोन्ही बंदरांनी त्या वर्षीच्या देण्याच्या प्रत्येकी 20 टक्क्यांपर्यंत रक्कम घालायची, अशी तरतूद आहे. 2008 च्या मंदीनंतर ती वापरावी लागली. ही मदत म्हणजे उसनवारी. पुढच्या शुल्कातून ती परत करायची असते. उरलेल्या 60 टक्क्यांची हमी बंदरे घेत नाहीत, हे असे रोखे घेणाऱ्याने जरूर पाहावे.

प्रश्न : न्यूयॉर्क बंदरातला ‘कार्गो फॅसिलिटी चार्ज’ याच धर्तीचा का? (एक निर्यातदार, पुणे)

उत्तर : नावात साम्य, रचना वेगळी. मार्च 2011 पासून तिथे टीईयूमागे 4.95 डॉलर लावले गेले. त्याआधी रेल्वेवर चढणाऱ्या डब्यालाच 57.50 डॉलर पडत. बोजा सगळ्या डब्यांवर पसरल्याने दर खाली आला. पण ट्रकने जाणाऱ्या मालानेही रेल्वे यार्डाचा खर्च का सोसावा, म्हणून जहाज कंपन्या संघीय सागरी आयोगाकडे गेल्या. तक्रार अगदीच बिनबुडाची म्हणता येणार नाही. रोख्यांपुरते बोलायचे तर हे बंदर चालवणारे न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे प्राधिकरण 1952 पासून एकत्रित रोखे काढते. पूल, विमानतळ, बंदर अशा सगळ्यांच्या निव्वळ उत्पन्नाचे त्यांना तारण असते. वर थकीत रोख्यांच्या 10 टक्के इतका सर्वसाधारण राखीव निधी ठेवावा लागतो. एका शुल्काची आवक घटली म्हणून हप्ता अडत नाही.

प्रश्न : मुंबई विमानतळावर तिकिटात विकास शुल्क लागत असे, ते हेच ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जवळपास. 2009 पासून निघणाऱ्या प्रवाशाकडून देशांतर्गत 100 आणि आंतरराष्ट्रीय 600 रुपये घेतले जात. एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वसुली थांबवली : दर ठरवण्याचा अधिकार नियामकाचा, मंत्रालयाच्या पत्राचा नाही. नंतर नियामकाच्या आदेशाने शुल्क पुन्हा लागू झाले. फरक एवढाच, की तिथे पैसा रोख्यांऐवजी या शुल्काच्या तारणावर बँकांकडून उचलला गेला. शुल्क थांबले की हप्त्याचा स्रोतच आटतो. म्हणून कर्ज देणारा आधी वसुलीचा कायदेशीर आधार तपासतो आणि मग प्रवासीसंख्येचा अंदाज.