फुलपाखराचं जीवनचक्र मुलांना हस्तकलेतून कसं शिकवावं?

पहिली-दुसरीच्या मुलांना फुलपाखराचं जीवनचक्र हस्तकलेतून कसं शिकवावं, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझा आग्रह एकच: चारही अवस्था एका तासात पुठ्ठ्यावर चिकटवून मोकळं होऊ नका. अळीला जितके दिवस लागतात, तितके चित्रालाही लागू द्या.

पावसात परसातल्या कढीपत्त्याला पालवी फुटली की कॉमन मॉरमॉन जातीची काळी फुलपाखरं तिच्याभोवती घिरट्या घालू लागतात. मादी पायांनी पानाची चव घेते आणि एकेक अंडं चिकटवून जाते. फिकट पिवळं, बारीक मोहरीएवढं, जेमतेम १ मिलिमीटरचं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी अंड्याचं टरफलच खाते.

आम्ही वर्गाच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावतो. रोज एक चित्र, मोजपट्टीनं मोजून, खऱ्या मापाचं. पहिला दिवस म्हणजे नुसता ठिपका. पुढे अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून कोळसा आणि पांढरा खडू. मग चौथ्यांदा कात टाकते आणि एकदम हिरवी! त्या सकाळी मुलांची जी धांदल उडते, ती बघण्यासारखी असते. हिरवा रंग आम्ही कढीपत्त्याची पानंच कागदावर चोळून घेतो. पूर्ण वाढलेली अळी साधारण ४ सेंटिमीटरची भरते. मुलं सवयीनं तिला केस काढतात. तेव्हा वर्गाबाहेर न्यायचं आणि दाखवायचं. केसाळ तो सुरवंट, ही गुळगुळीत. ब्रशच्या टोकानं अलगद शिवलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं, वासही येतो.

कोश मात्र चिकणमातीचा करा आणि काडीला दोऱ्यानं बांधा. खरा कोशही रेशमी धाग्याच्या पट्ट्यावर मागे रेलून असतो, माडावर दोर बांधून टेकलेल्या माणसासारखा. त्याचा रंग आसपासच्या जागेप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी असतो. म्हणून रंग देण्याआधी प्रत्येकाला विचारा, ‘तुझा कोश कुठं बसलाय?’

फुलपाखरासाठी काळा कागद घ्या. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते, ती डिंकावर रांगोळी टाकून छान उठते.

अळी घरात पाळायची झाली तर भांडं मोठं घ्या, आत उभी काडी हवी. पहिल्या वर्षी मी लहान बरणी वापरली. फुलपाखराला ओले पंख खाली सोडून लटकायला जागाच मिळाली नाही, ते चुरगळलेलेच सुकले. ती चूक माझी होती, आणि मुलांना मी ती तशीच सांगितली.

एकदा कोशातून फुलपाखराऐवजी इवल्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आईनं कोशातच अंडी घातली होती. मुलं हिरमुसली, एक मुलगी रडली. मग तिनंच पट्टीवर शेवटचं चित्र काढलं: भोक पडलेला कोश आणि बाजूला बारीक काळे ठिपके.