ग्राफीन जास्त नको, नीट पसरलेलं हवं

भाऊ, पोलादी पत्रा गंजू नये म्हणून त्यावरच्या इपॉक्सी लेपात १ टक्का ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) घालायचा तुमचा बेत आधी सोडा. ग्राफीन वीजवाहक आहे आणि पोलादाच्या मानाने कॅथोड ठरतं, म्हणजे स्वतः शाबूत राहून पोलादाला गंजवतं. थराला ओरखडा पडला की उघडं पोलाद तिथे जास्तच जोरात गंजतं. म्हणून ग्राफीन ऑक्साइड घ्या; ते वीज फारशी वाहत नाही. त्यावर एपीटीईएस सिलेनची (दोन पदार्थ जोडणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाची) प्रक्रिया करा, म्हणजे त्याचे अमाइन गट इपॉक्सीशी बंध जोडतात. सुरुवात १०० ग्रॅम रेझिनला (इपॉक्सीचा मुख्य घट्ट द्रव) ०.२ ग्रॅमपासून.

खरी मारामारी मिसळण्यात आहे. प्रक्रिया झालेला माल पूर्ण सुकवू नका. सुकला की पापुद्रे एकमेकांवर बसतात, मग कितीही ढवळा, सुटत नाहीत. ओला असतानाच अ‍ॅसिटोनने धुवा, भांडं बर्फात ठेवून सोनिकेट करा (अल्ट्रासाउंड लहरींनी पापुद्रे सुटे करा), मग रेझिनमध्ये घाला. अ‍ॅसिटोन व्हॅक्यूमखाली पूर्ण काढा. राहिलं तर थरात फुगे येतात आणि अमाइन हार्डनरही (रेझिन कडक करणारा दुसरा घटक) त्याच्याशी अभिक्रिया करतो. हार्डनर सगळ्यात शेवटी.

पत्रा एसए २.५ पर्यंत ब्लास्ट केलेला, म्हणजे कणांचा मारा करून गंज काढून जवळजवळ चकचकीत केलेला हवा, नाहीतर ग्राफीनचा खर्च पाण्यात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, उन्हातला पत्रा त्याहून तापतो आणि डब्यातला माल लवकर घट्ट होतो, सकाळीच उरका. पावसाळ्यात पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी पत्र्यावर साचतं) किमान ३ अंश गरम हवा.

चाचणीत नुसत्या इपॉक्सीचा पत्राही ठेवा. दोन्हींवर सारखी चीर पाडून ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ३५ अंशांवर ठेवा आणि चिरेपासून गंज किती सरकला ते मोजा.