रुगर पी-८९ हे जुने पिस्तूल आज घेण्यासारखे आहे का? ते वापरणाऱ्यांचे मत काय आहे?

आपण ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहता. तेथील एका दुकानात आपल्याला रुगर पी-८९ हे नऊ मिलिमीटरचे वापरलेले पिस्तूल स्वस्तात मिळत आहे. ते घरी ठेवण्यासाठी आणि अधूनमधून रेंजवर नेण्यासाठी घ्यावे का, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचे मत काय, असे आपण विचारले आहे. मी ओहायोत राहतो, माझ्याकडे हे पिस्तूल बऱ्याच वर्षांपासून आहे आणि रेंजवर त्याच्या इतर मालकांशी नेहमी बोलणे होते. माझे मत असे की, पिस्तूल हातात नीट बसत असेल आणि किंमत खरोखर कमी असेल तर ते अवश्य घ्यावे; मात्र मालक ज्या गुणासाठी त्याची स्तुती करतात, तो एकच गुण पाहून घेऊ नये.

ही स्तुती जवळपास एका सुरात होते: ‘हे कधी अडकत नाही, हा रणगाडा आहे.’ ते खोटे नाही, परंतु असे म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण वर्षातून एखाददुसऱ्या वेळी पन्नास काडतुसांचा एक डबा संपवतात आणि पिस्तूल पुन्हा कपाटात ठेवतात. इतक्या बेताच्या वापरात बहुतेक सगळीच चांगली पिस्तुले चालतात. मी जास्त वजन देतो ते ज्यांनी या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग (पिस्तुलाचा सरकता वरचा भाग, म्हणजे स्लाइड, पुढे आणणारी) भरपूर वापराने झिजवून बदलली आहे, अशा मालकांच्या शब्दाला; आणि तेही सहसा हेच सांगतात की स्वस्त काडतुसे असोत वा टोकाला खळगा असलेल्या हॉलो पॉइंट गोळ्या, हे पिस्तूल तक्रार करत नाही. म्हणजे टिकाऊपणाची कीर्ती खरी आहे. वाद आहे तो इतर बाबींचा.

पिस्तूल असे का घडले, हे त्याच्या जन्मकथेवरून कळते. अमेरिकी लष्कराने जानेवारी १९८५ मध्ये चाचण्यांनंतर बेरेटा ९२ या पिस्तुलाची निवड केली. पी-८९ चे पूर्वरूप असलेले रुगरचे पी-८५ जाहीर झाले ते त्याच वर्षी, आणि त्याचे उत्पादन सुरू व्हायला १९८७ उजाडले, त्यामुळे मूळ चाचण्यांची गाडी चुकली. १९८८ च्या फेरचाचणीत ते उतरले, पण लष्कराने बेरेटाच कायम ठेवले. सैन्यासाठी आखलेले हे पिस्तूल अशा रीतीने प्रामुख्याने सामान्य ग्राहकाच्या हातात आले, आणि त्याची किंमत मुद्दाम बेरेटा किंवा सिगपेक्षा बरीच कमी ठेवण्यात आली. सुधारित पी-८९ हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. सुरुवातीच्या पी-८५ ची अचूकता बेताची होती असा बोलबाला होता. पी-८९ बद्दल तशी तक्रार मला क्वचितच ऐकायला मिळाली आहे, तरीही स्पर्धेतील नेमबाजीसाठी ते कोणी घेऊ नये.

किंमत कमी ठेवता आली ती ओतकामामुळे, आणि येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण माझी उमेदवारीची वर्षे कोल्हापूरच्या फौंड्रीत गेली आहेत. या पिस्तुलाची फ्रेम ए-३५६ जातीच्या ॲल्युमिनियमची असून ती मेणाच्या नमुन्यावरून, म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने ओतलेली आहे. बंदुकीच्या व्यवहारातील जुनी मंडळी ‘ओतीव’ म्हटले की नाक मुरडतात, आणि घडीव पोलादाशी तुलना करताना त्यात काही तथ्यही आहे, कारण त्याच मापाचा ओतीव भाग कमी ताण सोसतो. परंतु रुगरच्या अभियंत्यांनी ही उणीव धरूनच आराखडा केला: जेथे ताण येतो तेथे धातू सढळ हाताने ठेवला, टी-६ पद्धतीची उष्णता-प्रक्रिया दिली आणि पृष्ठभागावर कठीण ॲनोडायझिंग (संरक्षक ऑक्साइडचा थर) केले. मालक ज्याला बेढबपणा म्हणतात आणि ज्याला मजबुती म्हणतात, ती एकाच निर्णयाची दोन फळे आहेत. रुगर कंपनी तर हेच काम पोलादात न्यू हॅम्पशायरमधील आपल्या पाइन ट्री कास्टिंग्ज या ओतशाळेत १९६० च्या दशकापासून करत आली आहे, त्यामुळे ओतकामाच्या नावाने हे पिस्तूल नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

हाताळणीबाबत मात्र मालकांचे दोन तट आहेत. रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे नऊशे ग्रॅम आणि नळी साडेचार इंचांची आहे, त्यामुळे नऊ मिलिमीटरचा झटका सौम्य वाटतो आणि नवशिक्याला ते आवडते. मूठ जाड आहे, कारण मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसे दोन रांगांत बसतात. ज्यांची बोटे आखूड आहेत त्यांना पहिला ट्रिगर ओढताना पकड बदलावी लागते, आणि पकड बदलली की नेम ढळलाच. घोडा, म्हणजे मागचा हॅमर, खाली असतानाचा हा पहिला ओढा लांब आणि जड आहे, त्यानंतरचे ओढे आखूड व हलके. सेफ्टीचा खटका स्लाइडवर आहे. तो खाली केला की घोडा सुरक्षितपणे खाली येतो, वर केला की पिस्तूल गोळी झाडण्यास तयार होते. ज्यांचा सराव १९११ पद्धतीच्या पिस्तुलावर (त्यात सेफ्टी खाली केली की गोळी झाडता येते) झाला आहे, त्यांना ही दिशा उलटी वाटते. याशिवाय केवळ घोडा उतरवणारी, सेफ्टी नसलेली डीसी आवृत्तीही आहे. आपल्यासमोरचे पिस्तूल कोणते आहे ते आधी पाहून घ्यावे. डावखुऱ्या मालकांकडून मात्र मी तक्रार ऐकलेली नाही, कारण सेफ्टी आणि मॅगझिनची कळ दोन्ही बाजूंना आहे. ही कळ आत दाबायची नसून पुढे ढकलायची असते, आणि ग्लॉकची सवय असलेला माणूस सुरुवातीला हमखास अडखळतो.

सर्वांत जास्त कुरकुर ऐकू येते ती पिस्तूल सफाईसाठी खोलण्याबद्दल. मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्याने व बोटाने खात्री करून, स्लाइड मागे अडकवायची, वरच्या खिडकीतून बोट घालून इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) खाली दाबायचा आणि मगच स्लाइड स्टॉपची खीळ बाहेर ओढून स्लाइड पुढे काढायची. हे काम जरा अवघड आहे, पण त्याचा एक मोठा फायदा आहे, ज्याची दखल फारसे कोणी घेत नाही: खोलण्यासाठी ट्रिगर ओढावा लागत नाही. ज्या पिस्तुलांत तो ओढावा लागतो, तेथे चेंबरमध्ये राहून गेलेल्या काडतुसामुळे अपघात झालेले आहेत. जोडताना नळीखालची झुलती कडी योग्य जागी आली नाही तर खीळ बसत नाही. ताकद न लावता नळी किंचित हलवली की काम होते.

खरेदीपूर्वी तपासायच्या गोष्टींत पहिली ही, की पिस्तूल पी-८९ च आहे, मूळ पी-८५ नाही. जुन्या पी-८५ मध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) पुढच्या बाजूला तुटलेली असेल तर घोडा उतरवताना गोळी सुटण्याचा धोका आढळला होता, आणि कंपनीने ती दुरुस्ती मोफत करून देण्याची व्यवस्था केली. दुरुस्त केलेल्या पिस्तुलाच्या सेफ्टीवर ‘आर’ हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ते अक्षर नसलेले पी-८५ कितीही स्वस्त मिळाले तरी दुरुस्तीआधी त्यात काडतूस भरू नये. पी-८९ असेल तर दुकानदाराच्या परवानगीने, रिकामे असल्याची खात्री करून, सेफ्टी खाली करून पाहावी: घोडा खाली यायला हवा आणि त्यानंतर ट्रिगर ओढला तरी घोडा हलता कामा नये. फ्रेमवरच्या, स्लाइड सरकते त्या कडांवर थोडी चमक दिसणे स्वाभाविक आहे. खाचा किंवा तडे दिसल्यास मात्र पिस्तूल परत ठेवावे.

दुसरी गोष्ट मॅगझिनची. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत दहापेक्षा जास्त काडतुसांच्या नव्या मॅगझिनच्या विक्रीवर सामान्य नागरिकांसाठी बंदी होती, त्यामुळे त्या काळात विकले गेलेले पी-८९ बहुधा दहाच्या मॅगझिनसह मिळते आणि पाहणाऱ्याला पिस्तुलातच काही खोट आहे असे वाटते. पंधराचे मॅगझिन आता मेक-गार ही इटालियन कंपनी बनवते आणि ते सहज मिळते, परंतु आपल्या राज्याचा कायदा आधी पाहावा, कारण काही राज्यांत दहाची मर्यादा आजही आहे. जुने मालक याच संदर्भात कंपनीचे संस्थापक विल्यम रुगर यांच्यावर अजून राग धरून आहेत. त्यांनी १९८९ मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) पत्र लिहून पंधरापेक्षा मोठ्या मॅगझिनवर बंदी सुचवली होती.

उणिवाही सांगतो. फ्रेमवर दिवा लावण्यासाठी रेल नाही, मागची-पुढची दृष्टिसाधने बदलायला फारसे पर्याय नाहीत आणि होल्स्टर शोधावे लागते. उत्पादन थांबल्यामुळे काही सुटे भाग मिळणे कठीण होत आहे, मात्र स्प्रिंगा वुल्फ कंपनीकडून मिळतात. अंगावर बाळगण्यासाठी म्हणाल, तर मी ते सुचवणार नाही. दुकानदार नव्या प्लॅस्टिक फ्रेमच्या पिस्तुलाएवढी किंमत सांगत असेल तर नवेच घ्यावे. तेथे भावुक होण्यात अर्थ नाही.

आपल्या घरी कोणी एच-१बी व्हिसावर असेल, तर त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकास बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई असून वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, तेव्हा अशा व्यक्तीच्या हाती ते देण्यापूर्वी वकिलाला विचारावे. पुढे कधी भारतात परतताना ते सोबत नेण्याचा विचारही करू नये, कारण नऊ मिलिमीटर हे तेथे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचे माप) आहे.

शक्य असेल तर रेंजवर पी-मालिकेतील एखादे पिस्तूल भाड्याने मिळते का ते पाहावे. तेथे गोळ्यांचा नेम पाहण्यापेक्षा तो पहिला जड ओढा पकड न बदलता ओढता येतो का, एवढेच तपासावे, आणि ज्यांना कायद्याने हरकत नाही अशा घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीलाही तो ओढून पाहू द्यावा.